अडलेल्याचे मत : वऱ्हाडातील गरिबी आणि निवडणुकीचे राजकारण

वऱ्हाडातल्या मतदाराची अडवणूक मतदानाच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे नसतात तेव्हा, मार्चअखेर सोसायटीचे कर्ज फिरवायचे असते तेव्हा, निराधार योजनेच्या अर्जाला कुणाची तरी शिफारस लागते तेव्हा, आणि खाऱ्या विहिरींच्या खारपाणपट्ट्यात टँकर दोन दोन दिवस येत नाही तेव्हा. अशा प्रत्येक वेळी माणूस कुणाच्या तरी दाराशी जातो. आणि ज्याच्या दाराशी जातो तो पाच वर्षांतून एकदा त्याच्या दाराशी येतो. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीतून फिरणारे पाकीट हा या व्यवहाराचा शेवटचा हप्ता. बोभाटा त्याचाच होतो, कारण पकडायला आणि मोजायला तोच सोपा असतो.

गरिबीचा आणि अडचणीचा मतदाराला बांधून ठेवण्यासाठी होणारा वापर अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत जवळून पाहता येतो. नुसत्या गरिबीने माणूस कुणाच्या ताब्यात जात नाही. जे मिळायचे ते केव्हा मिळेल, किती मिळेल आणि मिळेल की नाही, हे मधल्या माणसाच्या मर्जीवर ठरू लागते तेव्हा पकड तयार होते. म्हणून मदतीची रक्कम वाढली की मतदार मोकळा होतो हा समज खरा नाही. रक्कम वाढली आणि खात्री मात्र वाढली नाही, तर गमावण्याची भीती वाढते, आणि भीतीबरोबर पकडही.

या पकडीचे जुने रूप सावकारीचे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा निघाला; अकोला, अमरावती, अकोट येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. ज्वारीची जमीन कापसाखाली गेली आणि शेतकऱ्याचे पोट दूरच्या बाजारावर अवलंबून राहिले. रयतवारीमुळे जमीन रयतेच्या नावावर होती, म्हणजेच ती गहाण टाकता येत होती. १८९९-१९०० च्या दुष्काळाने घर बुडवले ते याच कर्जदार शेतकऱ्याचे आणि त्याच्या मजुराचे.

त्या काळी कर्जदाराच्या मताला किंमत नव्हती, कारण बहुतेकांना मतच नव्हते. मताधिकार मालमत्तेवर आणि करावर बेतलेला होता. १९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून येऊन मंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाशी १९३३ चा कर्जलवाद कायदा जोडला जातो. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा हा शेतकऱ्याचा मुलगा. त्या कायद्याने कुणाला कशाचे वाटप केले नाही. कर्जदाराला लवादापुढे उभे राहून हिशेब मागण्याचा मार्ग त्याने दिला. वाटप आणि अधिकार यांतला हा फरक पुढच्या नव्वद वर्षांच्या राजकारणात वारंवार पुसला गेला आहे.

१९५२ पासून प्रत्येक प्रौढाला मत मिळाले आणि अडलेल्या माणसाला एकदम भाव आला. सावकार नाहीसा झाला नाही. त्याच्या शेजारी सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक, बाजार समिती आणि जिनिंग संस्था उभ्या राहिल्या. त्यांचे संचालक बहुधा तेच, जे पुढे आमदारकी-खासदारकीला उभे राहत. सहकाराने वऱ्हाडात सावकाराच्या दुपटी-तिपटीतून अनेक घरे सोडवली हे नाकारता येत नाही. पण पीककर्ज देणारा आणि मत मागणारा एकच झाला की कर्ज हे केवळ कर्ज राहत नाही.

हे कसे चालते ते मार्च महिन्यात दिसते. पीककर्जाची परतफेड ३१ मार्चच्या आत झाली तर व्याजाची सवलत मिळते आणि पुढच्या हंगामाचे कर्ज मंजूर होते. ज्याच्या घरात कापूस विकून आलेले पैसे आधीच आजारपणात, लग्नात किंवा दुकानदाराच्या उधारीत गेले आहेत, तो काही दिवसांपुरते हातउसने घेतो, सोसायटीत भरतो, नवे कर्ज उचलतो आणि हातउसने परत करतो. याला गावात नवं-जुनं करणे म्हणतात. कागदावर कर्ज फिटलेले असते, प्रत्यक्षात ते एक वर्ष पुढे सरकलेले असते, आणि मधल्या दिवसांचे व्याज सावकाराला गेलेले असते. हे पैसे कोण देतो, गटसचिव कुणाचा अर्ज आधी पुढे पाठवतो, कुणाचे नाव थकबाकीदारांच्या यादीत चढते आणि कुणाचे थांबते, या लहान लहान गोष्टींवर खेड्यातले वजन ठरते. थकबाकीदाराला सहकारी संस्थेच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. म्हणजे ज्याला तक्रार करायचे सर्वांत जास्त कारण, त्याचीच वाट बंद.

कापसाच्या भावाची कथा याहून मोठ्या पटावरची. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. राज्यातला सगळा कापूस पणन महासंघाने घ्यायचा, व्यापाऱ्याने नाही. हमीभाव आणि नंतर मिळणारा बोनस यांमुळे अनेक वर्षे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला आधार मिळाला. मात्र भाव आता अमरावतीच्या बाजारात न ठरता मुंबईच्या मंत्रालयात ठरू लागला. ग्रेडरने कापूस कोणत्या प्रतीत बसवला, चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, केव्हा आला, बोनस किती जाहीर झाला हे सगळे राजकीय प्रश्न बनले. चुकाऱ्याची वाट पाहणारा शेतकरी गावातल्या कार्यकर्त्याला विचारी, कार्यकर्ता आमदाराला विचारी. योजना तोट्यात गेली आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार संपला. भावासाठी सरकारकडे पाहण्याची सवय राहिली.

२००४ ची विधानसभा निवडणूक या संदर्भात विसरता येत नाही. सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने निवडणुकीच्या काही महिने आधी शेतीपंपांची वीज मोफत केली. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात कापसाला क्विंटलला २,७०० रुपये भावाचे आश्वासन होते. सत्ता आली. २००५ मध्ये मोफत वीज बंद झाली आणि कापसाचा ५०० रुपयांचा आगाऊ बोनसही काढून घेतला गेला. ज्यांनी वाढीव भावाच्या भरवशावर उसनवारी केली होती त्यांचा हिशेब कोलमडला. पुढच्या हंगामांत यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांनी देशाचे लक्ष वेधले. बीटी बियाण्याचा खर्च, कोरडवाहू जमीन, पडलेला भाव, आटलेले बँककर्ज अशी त्याची अनेक कारणे आहेत. निवडणुकीपुरते दिलेले आणि नंतर काढून घेतलेले आश्वासन हेही त्यांतले एक कारण मानले पाहिजे.

त्यानंतर मदतीचा ओघ सुरू झाला. डिसेंबर २००५ मध्ये राज्याचे १,०७५ कोटींचे आणि जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे ३,७५० कोटींचे पॅकेज आले. यात अर्धवट राहिलेल्या सिंचन प्रकल्पांना पैसा होता, व्याजमाफी होती, आणि चाऱ्याची व दूध संकलनाची सोय नसलेल्या गावांत वाटायच्या दुधाळ गायीही होत्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याचा नियम ठरला : ३० हजार रोख, ७० हजार ठेवीच्या रूपात. त्यासाठी मृताच्या घरी सातबारा, कर्जाचा दाखला आणि परतफेडीचा तगादा यांचे पुरावे तपासले जातात. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरते. जमीन सासऱ्याच्या नावावर असली, कर्ज विनापरवाना सावकाराचे असले, की प्रकरण अडते. नवरा गेल्यावर आठवडाभरात ती बाई तलाठ्याकडे, बँकेकडे, पोलीस ठाण्यात कागद जमवत फिरते, आणि त्या फिरण्यात तिच्या सोबत जो येतो तो तिच्यासाठी सरकारपेक्षा मोठा ठरतो. तो सहसा कुठल्या ना कुठल्या पक्षाचा असतो. अमरावतीच्या विभागीय आयुक्तालयात या आत्महत्यांची नोंद २००१ पासून ठेवली जाते. विभागातला वार्षिक आकडा अलीकडच्या वर्षांत सातत्याने हजाराच्या वर राहिला आहे.

कर्जमाफी हा या राजकारणातला सर्वांत मोठा शब्द. २९ फेब्रुवारी २००८ रोजी, लोकसभा निवडणुकीला वर्षभर उरले असताना, अर्थसंकल्पात सुमारे ६०,००० कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्यावरच्याला उरलेले भरल्यास २५ टक्के सूट. वऱ्हाडात जमीन कोरडवाहू म्हणून एकराने जास्त आणि उत्पन्नाने कमी. ज्यांच्या दुःखाचे छायाचित्र दाखवून माफी मंजूर झाली, त्यांच्यातल्या अनेकांना तिचा पूर्ण लाभ नियमानेच मिळाला नाही. पुढे २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना, जिची मर्यादा २ लाखांची होती. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पुन्हा कर्जमाफीचे आश्वासन दिले गेले, आणि २८ मार्च २०२५ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी बारामतीत सांगितले की सध्या माफी शक्य नाही, ३१ तारखेपर्यंत कर्ज भरा. आश्वासनाच्या आशेवर ज्यांनी हप्ता थांबवला ते त्या तारखेला थकबाकीदार झाले. त्याच वर्षी जून महिन्यात शेतकरी नेते बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, ते याच प्रश्नावर.

कर्जमाफी चूक आहे असा याचा अर्थ नाही. दुष्काळात आणि भाव कोसळला असताना शेतकऱ्याचे कर्ज माफ करणे अनेकदा न्यायाचेच असते. आक्षेप वेळेवर आणि रीतीवर आहे. माफी केव्हा, कुणाला, कोणत्या अटीवर हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. म्हणून प्रत्येक निवडणूक ही माफीची निवडणूक होऊ शकते, आणि भावाचा, सिंचनाचा, पीकविम्याचा प्रश्न मागे पडतो. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष मोजला जात आहे. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ झाले, राज्यपालांचे निर्देश निघाले, तरी अमरावती विभागाचा अनुशेष उरलाच. शेताला पाणी मिळालेला शेतकरी दर पाच वर्षांनी माफी मागायला येत नाही, हे सर्व पक्षांना ठाऊक आहे.

पाण्याचे राजकारण अकोल्यात अधिक उघडे दिसते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथल्या विहिरीचे पाणी ना पिण्याजोगे, ना पिकाला देण्याजोगे. मूत्रपिंडाच्या विकाराने घरेच्या घरे पोखरलेली. पिण्याचे पाणी दुरून, बहुतेक वाण धरणातून आणावे लागते. तेल्हारा-अकोटच्या ८४ खेडी योजनेनंतर बाळापूर तालुक्यासाठी ६९ खेड्यांची योजना मंजूर झाली. धरणाचे पाणी सिंचनाला कमी पडेल म्हणून तेल्हारा भागातल्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला आणि सरकारने स्थगिती दिली. बाळापूरचे आमदार नितीन देशमुख विरोधी पक्षाचे. एप्रिल २०२३ मध्ये खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन त्यांनी अकोल्याहून नागपूरला पायी यात्रा काढली. पोलिसांनी ती नागपूरच्या वेशीवर अडवली. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची गरज खरी होती. पण पिण्याच्या पाण्याचा निर्णय मतदारसंघ कुणाचा यावर ठरतो अशी शंका एकदा लोकांच्या मनात बसली की पुढच्या वेळी ते सत्तेच्या बाजूचा उमेदवार निवडणेच शहाणपणाचे मानतात. धमकी द्यावीही लागत नाही.

दुसऱ्या एका ठिकाणाविषयी कमी बोलले जाते : तहसील कचेरीतली संजय गांधी निराधार योजना समिती. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले यांच्यासाठी ही योजना १९८० पासून आहे. २०२३ मध्ये अनुदान महिना १,००० वरून १,५०० रुपये झाले. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो आणि त्याची नेमणूक पालकमंत्र्यांच्या शिफारशीने होते. सरकार बदलले की समिती बदलते. अर्जदार म्हातारीला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो २१ हजारांच्या आतला हवा. वयाचा पुरावा लागतो, जो तिच्या पिढीत बहुतेकांकडे नसतो. मुलगा कमावता असेल तर तिचे नाव कटते. सेतू केंद्रात रांग, तलाठी बैठकीला गेलेला, आधारवर जन्मसाल चुकलेले. या प्रत्येक अडथळ्यावर एक माणूस उभा असतो जो म्हणतो, “मावशी, कागद इकडे द्या, भाऊंना सांगून करून देतो.” तो खरोखरच काम करून देतो. हे नाकारून हा विषय समजत नाही. त्याने खोटे काही केलेले नसते; कायद्याने जे तिचे होते तेच तिला मिळालेले असते. पण ते कायद्याकडून आले असे तिला कधीच वाटत नाही, आणि बँकेत अनुदान दोन महिने जमा झाले नाही की ती पुन्हा भाऊंच्याच घरी जाते. मार्च २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिका व अमरावती जिल्हा परिषद प्रशासकांच्या हाती गेल्या, तेव्हा नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य ही मधली पायरीही राहिली नाही. सगळी रांग आमदाराच्या कार्यालयाकडे वळली.

मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत, अडचणीला ऋतू आहेत. कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामाला खाली उतरतात. हरभऱ्याची सोंगणी, वीटभट्ट्या, परप्रांतातली बांधकामे. होळीला परत येतात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण, आणि त्यातला फगवा मागण्याचा रिवाज जुना. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून उच्च न्यायालयाचे आदेश, समित्या आणि मंत्र्यांचे दौरे चालू आहेत. पावसाळ्यातले महिने उपासमारीचे आणि साथीचे. रोजगार हमीची मजुरी थकली तर होळीच्या तोंडावर हात रिकामा राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी पुढाऱ्यांच्या भेटी येतात : साड्या, किराणा, ढोलांसाठी वर्गणी. २०२४ च्या होळीच्या सुमारास, लोकसभेची निवडणूक तोंडावर असताना, मेळघाटात भेट म्हणून आलेल्या साड्या निकृष्ट आहेत म्हणून काही गावांतल्या बायकांनी त्या होळीत टाकल्याच्या बातम्या आल्या. त्याच निवडणुकीत, २६ एप्रिलला, रंगूबेली, धोकडा, खामदा अशा काही गावांनी रस्ता, वीज आणि पाणी नाही म्हणून मतदानावर बहिष्कार टाकला. ज्यांना सर्वांत सहज विकत घेता येईल असे मानले जाते, त्यांनीच दोन वेळा नाही म्हटले.

सरकारी मदत आणि मत यांची सांगड सर्वांत मोठ्या प्रमाणावर बांधली गेली ती मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात लाडली बहना २०२३ मध्ये सुरू झाली होती, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत तिचा परिणाम दिसला होता. मेळघाटातल्या अनेक घरांचे नातेसंबंध बैतुल-बुऱ्हाणपूरकडे असल्याने तिची खबर इकडे पोहोचणे अवघड नव्हते. महाराष्ट्रात सत्ताधारी महायुतीच्या लोकसभेतल्या पीछेहाटीनंतर, २८ जून २०२४ रोजी, योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिना १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये पहिले दोन हप्ते, आणि आचारसंहिता लागण्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन हप्ते एकदम. निवडणूक झाल्यावर छाननी झाली आणि २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सरकारनेच सांगितले. निवडणुकीआधी पडताळणी न करता पैसे गेले आणि निवडणुकीनंतर पडताळणी झाली, हा क्रम डोळ्यांआड करता येत नाही. प्रचारातले २,१०० रुपयांचे आश्वासनही मागे पडले.

या पैशाचा बाईच्या आयुष्यावर झालेला परिणाम कमी लेखू नये. १,५०० रुपये म्हणजे कोरडवाहू गावात पाच-सहा दिवसांची मजुरी. ही रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात येते, नवऱ्याच्या हातात नाही. त्यातून औषध येते, मुलीची फी भरली जाते. म्हणूनच ती परत जाण्याची भीती मोठी. ऑगस्ट २०२४ मध्ये अमरावतीतल्या एका कार्यक्रमात बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांनी महिलांना उद्देशून, आशीर्वाद दिला नाही तर दीड हजार परत घेऊ, अशा अर्थाचे विधान केले. टीका झाल्यावर ते गमतीत बोलल्याचा खुलासा त्यांनी केला आणि योजनेचे पैसे कुणी परत घेऊ शकत नाही असे सरकारला सांगावे लागले. नोव्हेंबरमध्ये कोल्हापुरात खासदार धनंजय महाडिक यांनी विरोधी सभांना जाणाऱ्या लाभार्थी महिलांचे फोटो काढा असे म्हटले आणि नंतर माफी मागितली. दोन्ही विधाने मागे घेतली गेली. पण समोर बसलेल्या बाईला जे कळायचे ते कळले होते : हा पैसा तिच्या हक्काचा असला तरी त्याची चावी कुणाकडे आहे, याची आठवण तिला करून देता येते.

मत गुप्त असते, मग कुणी कुणाला मत दिले हे कळते कसे? व्यक्तीचे कळत नाही, वस्तीचे कळते. मतमोजणी केंद्रनिहाय होते. आठशे-हजार मतदारांच्या बूथचा निकाल दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्याच्या हातात असतो. कोणत्या वाडीने दगा दिला हे त्यावरून सांगितले जाते, आणि पुढच्या वर्षी सिमेंटचा रस्ता, हातपंप, समाजमंदिर कुठे जाते हे त्यावरून ठरते. यंत्रांतली मते एकत्र करून मोजणारे उपकरण वापरावे असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. ते अमलात आले नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांची मते एकत्र मिसळण्याची तरतूद होती, हे लक्षात घेतले तर यंत्राबरोबर गरीब वस्तीचे एक संरक्षण गेले असे म्हणावे लागते.

कायद्याने मतासाठी लाच देणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे, आणि भारतीय न्याय संहितेत त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. लाच जेवणावळीच्या किंवा दारूच्या रूपात असेल तर मात्र केवळ दंड. मतदारांना फुकट गाड्यांतून आणणेही भ्रष्ट आचारात मोडते, तरी स्थलांतरित मजुरांना मतदानासाठी गाड्या धाडण्याची पद्धत राज्यभर जुनी आहे. जाहीरनाम्यातल्या आश्वासनाला लाच म्हणता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमण्यम बालाजी खटल्यात दिला. म्हणजे एका पाकिटातल्या पाचशे रुपयांना कायदा आहे, पण सरकारी तिजोरीतून निवडणुकीच्या मुहूर्तावर निघणाऱ्या हजारो कोटींना नाही. जिथे व्यवहार अगदी उघडा झाला तिथे कारवाई झालीही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे दिसल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या.

ही अवस्था वऱ्हाडाचीच आहे असे नाही. नायजेरियाच्या एकिटी राज्यात २०१४ मध्ये रस्ते आणि कारभाराचा दाखला देणारे कायोदे फायेमी गव्हर्नरपदाची निवडणूक हरले आणि तांदूळ वाटणारे, पोटाची सोय आधी असे सांगणारे आयो फायोसे जिंकले. तिथे मतदान केंद्राबाहेर मतपत्रिका दाखवून पैसे घेण्याचे प्रकार पुढच्या निवडणुकांतही नोंदले गेले. २०२३ च्या निवडणुकीआधी चलन बदलण्यामागे मतखरेदीला आळा हेही एक कारण सांगितले गेले. तेलसंपन्न देशातली ही गरिबी आणि कापसाच्या मुलखातली गरिबी वेगळ्या. त्यांचा उपयोग करून घेण्याची रीत मात्र ओळखीची. एक फरक महत्त्वाचा आहे : नायजेरियात वाटप बहुतांशी उमेदवाराच्या खिशातून येते, महाराष्ट्रात त्याचा मोठा भाग राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो. त्यामुळे इथले बंधन अधिक टिकाऊ आणि अधिक सभ्य दिसते.

मतदार मात्र सर्वस्वी बांधलेला असतो असे वऱ्हाडातले निकाल सांगत नाहीत. २०२४ मध्ये लोकसभेला अमरावतीने काँग्रेसचे बळवंत वानखडे यांना १९,७३१ मतांनी निवडून दिले. सात महिन्यांत, सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात असताना, जिल्ह्यातल्या विधानसभेच्या आठपैकी सात जागा महायुतीच्या बाजूला गेल्या. या उलटफेरात लाडक्या बहिणीचा वाटा किती आणि जातीचा, धर्माचा, उमेदवारांचा किती हे नेमके सांगता येत नाही. सगळ्यांचे घ्यायचे आणि मत आपल्या मनाने द्यायचे, ही रीतही गावागावांत आहे. तिच्याकडे नैतिक घसरण म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. ज्याला हक्काने काही मिळत नाही, त्याने मिळेल ते घेणे ही जगण्याची रीत आहे.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकात “भीक नको, हवे घामाचे दाम” ही घोषणा वऱ्हाडात घरोघर पोहोचवली. तिच्यातला आर्थिक विचार सर्वांना मान्य नव्हता आणि नाही, पण शेतकऱ्याने मदतीसाठी रांगेत उभे राहू नये, भावासाठी रस्त्यावर यावे, हे तिने शिकवले. संघटना फुटली, नेते पक्षांत गेले आणि घोषणेचा अर्धा भाग विसरला गेला. २०१४ च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या दाभडी गावात नरेंद्र मोदी यांनी खर्चावर ५० टक्के नफ्याचा भाव देण्याचे सांगितले, तेव्हा ती मागणी पुन्हा ऐकू आली. फक्त या वेळी ती आश्वासनाच्या रूपात होती, चळवळीच्या नाही.

पकड कुठे सैल झाली याची उदाहरणे मोजकी असली तरी ठोस आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामाची मागणी लेखी नोंदवली की काम देणे सरकारवर बंधनकारक. पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता. हाच विचार २००५ मध्ये देशाच्या कायद्यात गेला. मागणीच्या अर्जाची तारखेसह पोच हातात असली की मजुराला कुणाच्या शिफारशीची गरज राहत नाही. म्हणूनच ती पोच देण्याचे टाळले जाते, आणि मेळघाटात काम करणाऱ्या संस्थांनी सर्वांत जास्त भांडण याच कागदासाठी केले. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. उजाड झालेल्या डोंगरावर ग्रामसभेने झाडे राखली, रोजगार हमीची कामे तिथेच घेतली आणि सीताफळे गोळा करून, प्रतवारी करून ती मुंबईपर्यंत विकायला सुरुवात केली. दर कोणता, कुणाला किती मजुरी, कामावर कुणाला घ्यायचे, हे ग्रामसभेच्या बैठकीत ठरते आणि वहीत लिहिले जाते. दिवाळीनंतर गाव सोडून जाणाऱ्यांची संख्या तिथे घटली, आणि २०१४ मध्ये त्या वनव्यवस्थापनाला जैवविविधतेचा पुरस्कार मिळाला.